फाटकाबाहेरची आई

कमी दिवसांच्या बाळांच्या कक्षात सत्तावीस वर्षं काढलेल्या सिस्टरला सगळे मागून हवालदारीण म्हणत, आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं. आवाजच तसा होता. काचेच्या पेटीतली किलोभर वजनाची बाळं त्या आवाजाने कधी दचकली नाहीत, शिकाऊ डॉक्टर मात्र दचकत.

तिचं डोकं फिरवलं ते कणीच्या आईने. कणी हे बाळाचं खरं नाव नव्हे. दहा आठवडे आधीच बाहेर पडलेली, बाराशे चाळीस ग्रॅमची ती मुलगी दिसायची तांदळाच्या कणीएवढी, म्हणून सगळे कणी म्हणू लागले. पहिले सात दिवस आई खालच्या मजल्यावर प्रसूती विभागात दाखल होती. तेव्हा दर तीन तासांनी वर यायची, बाळाला उघड्या छातीशी धरून बसायची, दूध काढून द्यायची. आठव्या दिवशी तिला सुट्टी मिळाली आणि बाई गायबच झाली. रोज दुपारी एकच्या सुमाराला शिपाई कागदांच्या गठ्ठ्याबरोबर एक स्टीलची डबी आणून टेबलावर ठेवी. आत कोमट झालेलं दूध. कधी काढलं त्याची वेळ नाही, तारीख नाही. असलं दूध एवढ्याशा जिवाच्या पोटात घालायचं म्हणजे नसतं दुखणं ओढवून घेणं. हवालदारीण ते बेसिनमध्ये ओती, पावडरीचं दूध कालवायला सांगे आणि नोंदवहीत लिही, ‘आई आली नाही.’

नऊ दिवस तिने हे वाक्य लिहिलं. कणीचं वजन तेराशे दहावर अडून बसलं होतं. पावडरीचं दूध तिला सोसत नव्हतं, पोट फुगत होतं, नळीतून दिलेलं उलटून येत होतं.

“जन्माला घालायची हौस, आणि पुढचं कोणी करायचं?” हवालदारीण डॉक्टरीणबाईंपाशी चडफडली. “फोन केला तर उचलत नाही. घरी म्हणे सासू आहे, मोठा मुलगा आहे. एकालाही इकडे फिरकायला सवड नाही!”

डॉक्टरीणबाईंनी फाइलवर लिहिलं, ‘आई सहकार्य करत नाही.’

दहाव्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या मागच्या दाराची वाट खणून ठेवली होती. कुठलासा पाइप फुटला होता. कर्मचाऱ्यांना पुढच्या फाटकाने यावं लागलं. हवालदारीण पावणेआठला तिथे पोचली, तर फाटकालगतच्या कठड्यावर कणीची आई बसलेली. मांडीवर पिशवी, पायात कामावरच्या रबरी चपला.

हवालदारणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“इथे काय करतेस गं तू? तिकडे पोरगी तुझी वाट बघून सुकली, आणि तू इथे हवा खात बसलीस?”

बाई उठली नाही. तिने फक्त मान वर केली.

“हवा नाही खात, सिस्टर. दहा दिवस इथे उभी राहतेय. आज पाय दुखले म्हणून बसले.”

“दहा दिवस? मग वर का येत नाहीस?”

“यांना विचारा.”

फाटकावरचे काका पुढे आले. साठीला टेकलेले, गणवेशाचं वरचं बटण तुटलेलं. “सिस्टर, बाईंचा पास संपलाय. सुट्टी झाली की त्या पेशंट राहत नाहीत, भेटायला येणाऱ्यांत जमा होतात. भेटायची वेळ अकरा ते बारा आणि चार ते पाच. नवीन पास मिळतो त्या खिडकीवर, ती उघडते दहाला.”

“आणि दहाला माझं काम सुरू होतं, ते संध्याकाळी सातपर्यंत,” कणीची आई म्हणाली. “लाँड्रीत इस्त्रीवर आहे मी. कंत्राटी. बाळंत झाले तेव्हाच मुकादम म्हणाला होता, आठवडा देतो, पुढे दुसरी उभी करीन. कणीचे वडील ट्रकवर, पंधरा पंधरा दिवस बाहेर. सासूबाईंना जिना चढवत नाही. साडेसातला इथे येते, साडेनऊपर्यंत थांबते, कोणी आत सोडेल म्हणून. मग दूध काकांकडे देते आणि बस धरते. मशीनवर फोन जवळ ठेवू देत नाहीत. तुमच्याच दवाखान्याच्या चादरी असतात हो तिथे. त्या रोज आत जातात. त्यांना कोणी पास मागत नाही.”

हवालदारीण काकांवर उसळली. “माणूस आहात की फाटकाचा खांब? वर एक फोन करता आला नाही?”

“केला होता.” काका आधी जमिनीकडे बघत होते, मग त्यांनी सरळ तिच्याकडे बघितलं. “पहिल्याच दिवशी. एक बाई पासाशिवाय आत सोडा म्हणतायत, काय करू, असं विचारलं. वरून सांगितलं, नियमाने चाला, माझं डोकं खाऊ नका.”

“कोणी सांगितलं?”

“तुमचाच आवाज होता, सिस्टर. तो काही लपत नाही.”

तिला तो फोन आठवला. एका हातात नळी, दुसऱ्या हातात रिसीव्हर, समोर एक बाळ निळं पडत चाललेलं. कोण बाई, कुठली, तिने विचारलंसुद्धा नव्हतं.

ती कणीच्या आईशेजारी कठड्यावर बसली. माफी मागणं तिला कधी जमलं नव्हतं, नवऱ्याचीही तिने कधी मागितली नव्हती.

“ती डबी दुपारी एकला यायची,” ती म्हणाली. “वेळ लिहिलेली नसायची. मी ते दूध ओतलं.”

“सगळं?”

“सगळं. नऊच्या नऊ दिवसांचं.”

बाई रडली नाही. तिने पिशवीची नाडी एकदा बोटाला गुंडाळली, सोडली.

“पहाटे चारला उठून काढत होते,” ती म्हणाली. “निदान निरोप तरी पाठवायचा होता.”

त्या सकाळी हवालदारणीने तिला हाताला धरून आत नेलं. काका एवढंच म्हणाले, “उद्यासाठी मला कागद द्या, सिस्टर. मीसुद्धा नोकरीच करतो.”

कागदासाठी ती प्रशासनाच्या साहेबांकडे गेली. साहेबांच्या टेबलावर काच, काचेखाली नियमांचे छापील तक्ते.

“नियम सगळ्यांना सारखा,” साहेब म्हणाले. “भेटायला येणाऱ्यांनी भेटीच्याच वेळेत यावं.”

“ती भेटायला येत नाही, साहेब. ती बाळाचं औषध आहे. औषधाच्या बाटलीला तुम्ही फाटकावर पास विचारता का?”

“तुम्ही अर्ज द्या. समितीपुढे ठेवू.”

“समिती कधी बसते?”

“पुढच्या महिन्यात.”

“आणि तोवर बाळाने काय करायचं? वजन धरून बसायचं?”

“सिस्टर, आवाज.”

“आवाज असाच आहे माझा!”

ती बाहेर आली तेव्हा कानशिलं तापली होती. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असं इतकी वर्षं चाललं होतं आणि ती पखाल मन लावून टोचत आली होती. पोट फुगलं की थेंब, वजन अडलं की पावडर बदला. औषध खाली फाटकावर उभं होतं.

डॉक्टरीणबाईंसमोर तिने कणीचा तक्ता ठेवला. “यावर लिहा. उपचार म्हणून लिहा. आईच्या उघड्या छातीशी, रोज साडेसात ते साडेनऊ. ताजं दूध, नळीने.”

डॉक्टरीणबाई हसल्या. “हे काय औषध आहे?”

“मग नाहीये का? सांगा ना, नाहीये?”

डॉक्टरीणबाईंचं हसू मावळलं. त्यांनी लिहिलं, सही केली, शिक्का मारला. मग फाइल उघडून, मागचं पान उलटून ‘सहकार्य करत नाही’ हे शब्द खोडले, आणि बाजूला पुन्हा सही केली.

तो कागद काकांनी घडी घालून छातीच्या खिशात ठेवला. डॉक्टरांनी लिहिलेला उपचार फाटकावर अडवायची साहेबांचीही छाती नव्हती. चौथ्या दिवशी कणी तेराशे साठ झाली. पोट मऊ राहू लागलं. आई घरून बर्फात दूध आणी, डबीवर चिकटपट्टी लावून वेळ लिही. आकडे काढायची मात्र फारच वेडेवाकडे. हवालदारीण त्यावरूनही ओरडली, “हा सात आहे की एक?” “तुम्हीच सांगा, शिकलेल्या तुम्ही,” आई म्हणाली.

पुढच्या महिन्यात समिती बसली. ठराव पाच पानांचा. बाळांच्या आयांसाठी वेगळा पिवळा पास काढायचं ठरलं, आणि तो मिळणार त्याच खिडकीवर, दहा वाजल्यानंतर. डोंगर पोखरून उंदीर निघाला. हवालदारणीने ते पान दोनदा वाचलं आणि डोकं टेबलावर टेकलं. मग उठून कक्षातल्या उरलेल्या दहा बाळांचे तक्ते डॉक्टरीणबाईंपुढे आपटले. त्या दिवशी दहा उपचार लिहिले गेले, दहाही कागद फाटकावर पोचले. आठवडाभर काका एकेक कागद उघडून, आयांची नावं जुळवून बघत राहिले आणि मागे रुग्णवाहिका भोंगे वाजवत राहिल्या. शेवटी साहेबांनीच फोन केला. “बाळाच्या मनगटाला जी पट्टी असते, तशीच आईच्या हाताला बांधा. पट्टी दिसली की सोडतील. आणि कृपा करून तेवढे कागद थांबवा.”

कणी दोन किलोला पोचली आणि घरी जायचा दिवस आला. हवालदारणीने सूचनांचा छापील कागद हातात घेतला. ती शेकडो वेळा वाचून दाखवायची तोच. “खोली उबदार ठेवा. वारा लागू देऊ नका.”

“खिडकीची काच फुटलीय,” कणीची आई म्हणाली. “दोन हिवाळे झाले. मालक उद्या उद्या करतो. पुठ्ठा लावलाय.”

हवालदारणीने कागद बाजूला ठेवला, स्टूल ओढलं. “खिडकी किती बाय किती? ते सांग आधी.”

दवाखान्याच्या सुताराला विचारलं, तर तो म्हणाला, बाहेरचं काम करायला परवानगी लागते. त्यावर ती काय बोलली ते शिकाऊ डॉक्टरांनी बराच काळ एकमेकांना सांगितलं.

रविवारी सकाळी तिचा नवरा, एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर, कणीच्या घरी शिडीवर उभा राहून चौकटीत नवी काच बसवून पुट्टी भरत होता. “मला वाटलं होतं, निवृत्त झाल्यावर आराम असतो,” तो वरून म्हणाला.

“हात चालवा,” खालून शिडी धरलेली हवालदारीण खेकसली. “मान फिरवू नका, काच पडेल.”

आत सासूबाईंच्या मांडीवर कणी झोपली होती. त्या आवाजाने ती काही जागी झाली नाही.