सिंदीवरून जाणारं विमान

जागृती नागपूरच्या विमानतळावर हवाई वाहतूक नियंत्रक म्हणून लागली, तेव्हापासून सिंदी रेल्वे या गावात तिच्या बाबांची मान वरच असायची. गर्वानं नाही हो, खरोखरच वर. संध्याकाळ झाली की हरिदासराव स्लॅबवर खुर्ची टाकून आभाळाकडे बघत बसत. घरावरून विमान गेलं की लगेच पोरीला फोन लावत.

"दिसलं व माय, दिसलं!"

याला कारण जागृतीच. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी विचारलं होतं, "आपल्या घरावरून जाते ते इमान तूच पाठोते का?" ती घाईत होती आणि खरं उत्तर लांबलचक होतं. विमानानं उतरायला कुठून यायचं, उडाल्यावर कुठून निघायचं, या वाटा नकाशावर आधीच आखलेल्या असतात. वारा कुठून वाहतोय हे बघून धावपट्टीचं कोणतं टोक वापरायचं ते ठरतं, आणि ते टोक व विमानाची येण्याची दिशा यांवरून वाट ठरते. जागृतीनं ती वाट वैमानिकाला सांगायची आणि मागचीपुढची विमानं एकमेकांपासून लांब ठेवायची. कुणाच्या घरावरून काय न्यायचं हा तिचा प्रश्नच नव्हता. पण एवढं कोण समजावत बसणार? "हो बाबा, मीच पाठवते, तुमच्यासाठी," म्हणून ती मोकळी झाली.

हरिदासरावांना हे लगेच पटलं. जन्मभर ते रेल्वेत पॉइंट्समन होते. गाडी कोणत्या लाइनीवर घ्यायची हे माणूस ठरवतो, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. तरुणपणी त्यांनी एक स्टेशनमास्तर पाहिला होता. ड्रायव्हरशी बिनसलं की तो त्याची गाडी मुद्दाम बाजूच्या लूपलाइनीवर घेऊन ताटकळत ठेवी. ही गोष्ट ते हसून हसून सांगत.

जागृतीचं खोटं तसं लहानसंच, पण भलतंच सोयीचं निघालं. सुट्टीच्या दिवशी क्वार्टरवर लोळत असतानाही ती फोनवर "हो, हो, मीच" म्हणायची. रोज विमान पाठवणारी मुलगी स्वतः घरी आली नाही तरी चालतं, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती. सिंदी काही लांब नाही, रेल्वेनं तासाभराचा रस्ता. दसऱ्यानंतर ती गेली नव्हती आणि आता ऊन तापायला लागलं होतं.

एका रविवारी तिची ड्यूटी फार वाईट गेली. बाहेर येऊन फोन हातात घेतला, तोच तो वाजला.

"दिसलं व..."

"बाबा, रोज रोज काय दिसलं दिसलं! मला दुसरी कामं नाहीत का?"

पलीकडून हळूच "हव, हव" आलं आणि फोन बंद झाला.

दुसऱ्याच दिवशी वारा फिरला. धावपट्टीचं दुसरं टोक वापरात आलं आणि येणाऱ्या विमानांना पलीकडच्या बाजूची वाट मिळू लागली. माइकवरून ती वाट देणारी जागृतीच होती. सिंदीवरचं आभाळ रिकामं झालं हे तिच्या ध्यानातही आलं नाही. बाबांचा फोन येत नाही हे मात्र ध्यानात आलं, आणि खोटं कशाला बोला, तिला बरंच वाटलं.

आठवडा सरत आला तेव्हा आईचा, धुरपताबाईंचा फोन आला. "तुहे बाबा तिकडे निंगाले. मी नोका जाऊ म्हनलं, पन आयकतच नाई. गुडघा पाय्‌ला अस्ता तं समजलं अस्तं, किती सुजला हाये."

जागृती ड्यूटी संपवून क्वार्टरवर पोचली तर हरिदासराव फाटकाशी भर उन्हात उभे. हातात सांबारवड्यांचा, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्यांचा डबा.

"बाबा, सावलीत बसायचं ना!"

"तू कोनत्या बाजूनं येशील काय मालूम." त्यांनी डबा पुढे केला, पण नजर वर केली नाही. "जागृती, चूक झाली माही. रोज फोन करून तुले तरास देल्ला. आता नाई करत. पन एका बोलन्यावरून आमाले लूपलाइनीवर नोको टाकू, माय. हप्ता झाला, एकबी इमान नाई आलं."

तिला आधी काही कळेना. मग आठवडाभराचा वारा आठवला आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुजलेला गुडघा घेऊन म्हातारा बाप आला होता, आणि माफी कशाची मागत होता, तर वाऱ्याची!

खरं सांगायची हीच वेळ होती. पण हातातल्या डब्याकडे बघून तिच्यानं ते सांगवेना. "पाठवते बाबा, आता रोज पाठवते," ती म्हणाली. एका खोट्यावर दुसरं. मग तिनं रजा टाकली आणि सकाळच्या गाडीनं त्यांना घेऊन सिंदीला आली.

संध्याकाळी दोघं स्लॅबवर बसले. वारा पुन्हा जुन्या बाजूनं वाहत होता. ऊन कलल्यावर आवाज आला आणि विमान ठरल्या वाटेनं घरावरून गेलं. हरिदासराव गुडघा विसरून उभे राहिले. "दिसलं!" सवयीनं त्यांनी खिशातून फोन काढला, बटण दाबलं, आणि जागृतीच्या मांडीवरचा फोन वाजायला लागला.

हरिदासराव त्या फोनकडे बघत राहिले.

"तू तं इथं हाये. मंग हे कोनं पाठोलं?"

आता पळायला वाटच नव्हती. तिनं सगळं सांगितलं. वाटा आखलेल्या असतात, वारा बदलला की त्या बदलतात. "मी कधीच पाठवत नव्हते बाबा. मी खोटं सांगितलं तुम्हाला."

ते खुर्चीत बसले. त्यांनी चिडावं, दोन शिव्या घालाव्यात, असं तिला फार वाटत होतं.

"म्हंजे त्या हप्त्यात इमान नाई आले, ते हवेनं?"

"हो."

"तू रागावली नोती?"

रविवारचा स्वतःचा आवाज तिच्या कानात आला. तिनं नुसती मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, तिचं तिलाच कळलं नाही. हरिदासरावांना तेवढं पुरलं. ते जिन्याकडे वळून ओरडले, "ओ जागृतीची माय! पोरगी रागावलीच नोती. हवा होती, हवा!"

जागृतीनं गुडघ्यात तोंड खुपसलं. मग तिच्या पाठीवर बाबांचा हात आला.

"रडते काऊन व? हवेले कोन काय करन?"