सतरा नंबरचा नमुना

मावशीला दमा जडला तेव्हा तिने नुकतीच पंचावन्नी ओलांडली होती. बेकरी तिची स्वतःची, त्यामुळे पिठाचीच ॲलर्जी असणार हे सगळ्यांनी धरूनच टाकलं. पण डॉक्टरांनी हातावर वीस ठिकाणी टोचून पाहिलं, तर एकही गांधी उठली नाही.

"पिठाची नाही, धुळीची नाही, मांजराचीसुद्धा नाही," डॉक्टर म्हणाले.

"मग मनाचेच खेळ," मावशीचे यजमान, आमचे काका, बोलून गेले. मावशीने दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला.

मी प्रयोगशाळेत पेशी मोजते. आमचा दम्यावरच अभ्यास चालला होता, म्हणून तिला कफाचा नमुना मागितला.

"थुंकू नका म्हणून जन्मभर पोरांवर ओरडले," ती म्हणाली, "आणि आता भाचीच डबी घेऊन उभी!" तरी तिने मिठाच्या पाण्याची वाफ ओढली आणि खोकून खोकून डबी भरून दिली. डब्यांवर नुसते नंबर असायचे. कुठला कोणाचा ते फक्त आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना ठाऊक.

सतरा नंबरला मोजणीयंत्राच्या पडद्यावर ठिपक्यांची नुसती गर्दी झाली; एक ठिपका म्हणजे एक पेशी. ज्या पेशी इतरांत जेमतेम वीस-पंचवीस मिळत, त्या इथे शेकडो! माझीच चूक समजून मी उरलेला नमुना पुन्हा तपासला. तेच. सरांनी यादी पाहिली आणि हसले. "ही तुझी मावशी." तिला विचारून त्यांनी तिच्या डॉक्टरांना कळवलं.

"नमुना तर ती आहेच," काका म्हणाले. या वेळी मावशीही हसली.

बेकरीतल्या ओट्यावर बसून मी तिला समजावलं, "जन्मजात लिम्फॉइड पेशी म्हणतात त्यांना. त्या फुप्फुसाच्या, आतड्याच्या अस्तरात असतात. अस्तराला इजा झाली की शत्रू कोण हे ओळखत न बसता लगेच कामाला लागतात. एरवी डागडुजीही करतात."

"मग माझ्या का उठल्यात जिवावर?"

"थांबतच नाहीत. त्यांच्या हाकेने दुसऱ्या पेशी गोळा होतात आणि श्वासनळी सुजते. त्याला ॲलर्जी लागतेच असं नाही."

"म्हणजे खरंच आहे ना काहीतरी?" तिचे डोळे भरून आले. आजाराचं कारण कळून इतकं खूश झालेलं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं.

डॉक्टरांनी रक्त तपासून खात्री केली आणि ती सूज आवरणारं इंजेक्शन महिन्याला एक असं सुरू केलं. पहिल्या महिन्यात काहीच फरक नव्हता, मावशी चिडचिड करायची. तिसऱ्या महिन्यात मात्र ती प्रयोगशाळेत आली ती लिफ्टची वाट न पाहता, चार जिने चढून.

"दाखव त्या बायांना," तिने फर्मावलं.

मी पडद्यावर सतरा नंबरचे ते जुने ठिपके दाखवले. ती चष्मा सावरत पुढे वाकली.

"एवढ्याशा? अगं, यांच्यापायी मी उशा रचून बसून झोपत होते?" आणि ती इतकी खदखदून हसली की शेजारच्या खोलीतले दोघं डोकावून गेले. पूर्वी हसली की तिला खोकल्याची उबळ यायची, म्हणून मी सवयीने पाण्याचा ग्लास पुढे केला. तिने तो परत माझ्याच हातात दिला, "तूच पी," म्हणाली, आणि आभार मानायला सरांना शोधत निघाली.