बाटली भरेपर्यंत

मोजणीदारांनी टेबलावरच्या उशीवर कपाळ टेकवलं आणि पाठीत सुई शिरली. हलायचं नाही, बोलायचं नाही, खोकला आलाच तर बोट वर करायचं, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. समोर बायको त्यांचे दोन्ही हात धरून बसली होती. नळीतून लालसर पाणी बाटलीत उतरू लागलं.

छातीतलं पाणी महिन्यात तिसऱ्यांदा काढलं जात होतं. आधी सगळे क्षयच धरून चालले होते. काल अहवाल आला: लिम्फोमा, तोही दुर्मीळ जातीचा. गाठ कुठेच नाही. कर्करोगाच्या पेशी त्या पाण्यातच वाढत होत्या. हा आजार बहुतेकदा एचआयव्ही असलेल्यांना होतो, ती तपासणी झाल्याशिवाय औषधं ठरवता येणार नाहीत, असं डॉक्टरीणबाईंनी बायकोला बाहेर पाठवून सांगितलं. मोजणीदारांनी संमतीचा कागद कोराच फाइलमध्ये सरकवला. बायकोने विचारलं तेव्हा म्हणाले, काही नाही, नेहमीचंच.

नोकरीची सगळी वर्षं त्यांनी जमीनमोजणीच्या तळांवर काढली होती; वर्षातले आठ महिने घराबाहेर. तिथलं काही आपण कधी घरी आणलं नाही, अशी त्यांची समजूत होती.

बाटली निम्मी भरली तेव्हा बायको बोलली.

"तुमचे ते नकाशे काढणारे मित्र. ते गेल्यावर त्यांची बायको आली होती माझ्याकडे, नऊ वर्षं झाली. ते कशाने गेले ते सांगायला. तुम्ही दोघं कुठे जायचात, तेही सांगून गेली."

त्यांची बोटं आक्रसली. तिने ती सोडली नाहीत.

"हलू नका," मागून डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"नाही हलायचे," बायको म्हणाली. "घरी कधी असे तावडीत सापडले नाहीत. विषय निघाला की यांना गच्चीवर काम असतं."

मग तिचा आवाज खाली आला.

"त्याच आठवड्यात मी माझी तपासणी करून घेतली. तेव्हापासून तुमच्या तोंडाकडे बघतेय. आज बोलाल, उद्या बोलाल."

त्यांनी बोट वर केलं. डॉक्टरीणबाईंनी लगेच नळी बंद केली. खोकला काही आला नाही. बोट थोडा वेळ तसंच राहिलं, मग खाली आलं.

नळी पुन्हा उघडली, बाटली भरली. सुई निघाली, पट्टी लागली. मोजणीदार सावकाश ताठ बसले. बायकोने फाइलमधून तो कागद काढून उशीवर पसरला आणि पेनाचं टोपण काढलं.

"तुझं काय आलं होतं?" त्यांनी विचारलं.

तिने पेन त्यांच्या हातात दिलं.

"आधी सही करा."