पाच व्होल्टची कृपा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. किरणबुवांनी काचेची पेटी उंच धरली. आत नऊ व्होल्टची बॅटरी, नखाएवढी चिप आणि निळा लेझर.

"चिप आहे पाच व्होल्टची! नऊ व्होल्टवर तिचा कोळसा व्हायला हवा. दोन इंजिनिअरांच्या चिपा माझ्यासमोर जळाल्या. मग हीच का जळत नाही?"

"कृपा!" गर्दी गरजली.

गेलेली दृष्टी परत आणतो म्हणून सांगितलेला तो लुकलुकणारा किरण पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्याच्या मिटल्या पापण्यांवर टेकला. मागे उभी असलेली त्याची धाकटी बहीण टाचा उंचावून पाहत होती. तो तिचा दादा होता. वहिनी गेल्यापासून तो घरात गप्पगप्प असे. इथे मात्र लोक त्याची विचारपूस करत. काचबिंदूचे थेंब त्याने बुवांच्या भरवशावर महिन्यापूर्वीच सोडले होते. काल चहाचा कप टेबलावर ठेवायला गेला आणि कप कडेबाहेर पडला, हे शेजारणीकडून कळलं म्हणून धाकटी इथे आली होती.

धाकटीचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. ती पुढे झाली.

"महाराज, पेटी बघू?"

"बघा की! शंकेखोरांचं इथे स्वागतच आहे."

तिने पेटीचं झाकण उघडून भिंग लावलं. चिप आणि लेझरच्या मध्ये काळ्या मेणाचा ठिपका होता.

"हे काय?"

"मंत्रबिंदू! हात लावू नका!"

तोवर तिने तो नखाने खरवडलाही होता. आतून तीन पायांचा ट्रान्झिस्टर निघाला.

"एरवी लेझर विझला की नऊ व्होल्टचा दाब चिपवर येतो, म्हणून ती जळते," ती लोकांना म्हणाली. "पण या लपवलेल्या ट्रान्झिस्टरचा एक पाय पाच व्होल्टला जोडलाय. त्यामुळे चिपपर्यंत चार-साडेचारच पोचतात. वरचा दाब हा झेलतो. चिपने फक्त प्रवाह किती सोडायचा ते ठरवायचं."

तिने तारेचा तुकडा टेकवून ट्रान्झिस्टरला बगल दिली. लेझर दोनदा लुकलुकला. चिपमधून धूर निघाला.

"आता करा कृपा."

बुवा पेटी सोडून मागच्या दाराने सटकले. सभागृह रिकामं झालं. दादा मात्र खुर्चीतच होता.

"इथे मला कुणीतरी विचारत होतं गं, धाकटे. तेही गेलं."

शेजारच्याच गल्लीत राहून तीसुद्धा महिनोन्महिने त्याच्याकडे फिरकली नव्हती. कोपर धरून तिने त्याला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. गेलेली नजर परत येणार नाही, डॉक्टर म्हणाले. उरलेली थेंबांनी टिकू शकेल.

"रोज कोण घालणार?"

"मी येईन. सकाळ-संध्याकाळ."

मंडळी, चमत्कार दाखवणाऱ्याला पेटी उघडायला लावा, औषध सोडू नका. आणि आपलं माणूस तिथे रांगेत का बसलंय, हे त्याच्या घरी जाऊन विचारा.