बिल्डच्या शेवटच्या ओळी

"काल हिने हात लावला आणि आज बंद पडलं. आणखी पुरावा कशाला हवा?" साहेब म्हणाले.

नवी मुलगी मान खाली घालून उभी होती. रक्ताचे रिपोर्ट लॅबमधून वॉर्डात पाठवणारा प्रोग्राम सकाळपासून ठप्प होता. रिपोर्ट यापुढे एन्क्रिप्ट करूनच, म्हणजे वाटेत कुणाला वाचता येणार नाहीत अशा सांकेतिक रूपात पाठवायचे, असा वरून हुकूम आला होता. तेवढाच बदल तिने काल केला होता. तिला कायम करायचं की नाही, ते शुक्रवारी ठरणार होतं.

"हेडमास्तर, तुम्ही बघा जरा."

हेडमास्तर म्हणजे इथले सर्वांत जुने प्रोग्रामर. निवृत्तीला महिना उरलेला, मुदतवाढीचा अर्ज साहेबांच्या टेबलावर. कुणी एरर घेऊन आलं, की "मशीन काय म्हणतंय ते आधी वाचलंस का?" असं विचारून त्याचा पाणउतारा केल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे.

एरर म्हणत होती, भाषेतला एन्क्रिप्शनचा भाग, म्हणजे मॉड्यूल, सापडत नाही.

"एन्क्रिप्शनची लायब्ररी मशीनवर टाकलीस?" हेडमास्तरांनी विचारलं.

"दोनदा टाकली, सर."

तिचं काम त्यांनी ओळ न् ओळ तपासलं. नाव ठेवायला जागा नव्हती. मग राहिला तो खालचा पाया. प्रोग्राम ज्या भाषेत लिहिला, ती भाषा तयार न घेता मूळ सोर्सपासून मशीनवर स्वतः बिल्ड करायची, म्हणजे भाग जुळवून घडवायची, हा हेडमास्तरांचा खाक्या. मार्चमध्ये त्यांनीच ती केली होती. तेव्हा पडद्यावर सरसर पळणाऱ्या ओळी नकोत, म्हणून त्या दाखवूच नकोस असं मशीनला सांगून ते चहाला गेले होते.

आज त्यांनी तेच बिल्ड पुन्हा चालवलं आणि बसून राहिले. अगदी शेवटी ओळ आली: एन्क्रिप्शन मॉड्यूल वगळलं, लागणाऱ्या फायली मिळाल्या नाहीत. त्याखाली, बिल्ड पूर्ण.

दिव्याखाली अंधार! मशीन काय म्हणतंय ते मार्चमध्ये त्यांनीच वाचलं नव्हतं. लायब्ररी होती, पण बिल्ड करताना लागणाऱ्या तिच्या जोडफायली मशीनवर कधी टाकल्याच नव्हत्या; कालपर्यंत एन्क्रिप्शन कुणी वापरलंच नव्हतं, म्हणून ते उघडं पडलं नव्हतं. त्या टाकून त्यांनी नवं बिल्ड केलं. साडेअकराला रिपोर्ट जाऊ लागले.

साहेब बिघाडाच्या नोंदीचा फॉर्म घेऊन आले. "कारण लिहा, नवीन बदलामुळे. ती लहान आहे, तिला नोकरी कुठेही मिळेल."

खोटं कशाला सांगा, हेडमास्तरांना तसं लिहायचा मोह झाला. निवृत्तीनंतर दिवसभर घरी बसून करणार काय, हा प्रश्न त्यांना रोज पडायचा. तरी त्यांनी लिहिलं: 'मार्चमधलं माझं बिल्ड अपुरं होतं. मुलीचा बदल बिनचूक आहे.'

"अहो, आता तुमचा अर्ज मी कोणत्या तोंडाने पुढे रेटू?"

"नका रेटू."

साहेब फॉर्म घेऊन गेले. मुलगी खुर्ची ओढून शेजारी बसली. "सर, बिल्ड कसं करायचं ते लिहून ठेवता?"

त्यांनी सूचनांची फाईल उघडली आणि एकेक पायरी लिहून काढली. तळाशी 'अडचण आल्यास' या शब्दांपुढे त्यांचा फोन नंबर होता. तो त्यांनी पुसला.

"तुझा सांग," ते म्हणाले, आणि ती सांगेल तसा एकेक आकडा टाइप करत गेले.