दंडावरची चकती

सासऱ्यांच्या साखरेवर त्या घरात चौघांचं लक्ष असे: सासूबाई, मुलगा, सून आणि साखर मोजायची चकती पुरवणाऱ्या कंपनीची आहारताई, जी फोनवरून गोड आवाजात गोड खाऊ नका म्हणे. मासिक योजनेत दोन सभासद बसत. पहिले अर्थात सासरे. दुसऱ्या जागेवर मुलाचं नाव घातलं होतं. त्याला मधुमेह नव्हता, पण पुढेमागे झालाच तर तयारी असावी. सुनेलाही मानाचं पद होतं, देखभालकर्तीचं. म्हणजे दंडावरची चकती बदलायची, जेवण मोजून वाढायचं, फोन वाजला की धावायचं. महिनाभर न चुकता धावल्याबद्दल कंपनीने तिला फोनवर सोनेरी तारा पाठवला होता.

तिच्या टाचेची चीर दीड महिना भरत नव्हती. तांब्यावर तांब्या रिचवूनही घसा कोरडा. ब्लाउज दोनदा आत घ्यावे लागले होते.

"बारीक झालीस, छान दिसतेस," सासूबाई म्हणाल्या होत्या.

"तुला काय धाड भरलीय? घरातच तर असतेस," हे नवऱ्याचं निदान.

त्या दुपारी नवी चकती लावायची होती. सासरे कुशीवर वळले. "आज नको गं, दंड दुखतोय. उद्या बघू."

पण फोनवर चकती सुरू करून झाली होती. तासाभरात साखरेचा आकडा कंपनीकडे गेला नाही, की आहारताई देखभालकर्तीची हजेरी घेई. मागच्या खेपेला नवऱ्याने त्यावरून चार दिवस ऐकवलं होतं. सुनेने चकती स्वतःच्याच दंडावर दाबली. आकडा गेल्याशी कारण.

तासाने आकडा गेला, कंपनीकडे आणि नवऱ्याच्या फोनवरही. चारशे बारा.

अर्ध्या तासात नवरा मीटिंग सोडून घरी. गाडी दारात चालूच ठेवलेली, मागच्या सीटवर उशी.

"अरे, मला काही होत नाहीये," सासरे कुरकुरले.

"कळत नाही बाबा, आतून पोखरतं ते. चारशेच्या वर म्हणजे खेळ नाही. एक मिनिट घालवायचं नाही."

सुनेने बाही वर केली. "चकती माझ्या दंडावर आहे. आकडा माझा आहे."

मग सासूबाईंनी छातीवरचा हात काढला. "म्हणजे ह्यांना काही नाही ना?"

"नाही."

"हुश्श." नवरा खुर्चीत टेकला. "जीव काढलास की. ती काढ आधी, बाबांच्या नोंदी खराब होतील. आणि चहा टाक. तुझं बघू रविवारी, सवडीने."

आकडा तोच होता. दंड बदलला होता, एवढंच.

तिने चकती काढली नाही. चिरलेली टाच चपलेत सरकवली, बाहेर गेली आणि गाडीत पुढे जाऊन बसली.

"एक मिनिट घालवायचं नाही म्हणालात ना," उघड्या काचेतून ती म्हणाली. "या."

कोणी उठलं नाही. आत टेबलावर तिचा फोन चारशे बारासाठी कोकलत होता. तो उचलायची त्या घरात दुसऱ्या कुणाला सवयच नव्हती.

ती बाजूला वाकली, हॉर्नवर तळवा ठेवला आणि दाबून धरला. गल्लीतल्या खिडक्या एकेक करून उघडू लागल्या. तिने हात काढला नाही.