तात्याबांच्या उसातला ओढा

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकते. त्यात दोन हजार तीनचा उन्हाळा, दौंडच्या ऑफिसात पंखा बंद आणि माझ्या नकाशात एक तुटकी रेघ. एका संस्थेला माशांच्या रक्षणासाठी नद्यांचा नकाशा हवा होता. कागदी नकाशातली प्रत्येक निळी रेघ मी कॉम्प्युटरवर गिरवायची. प्रत्येक ओढा नदीपर्यंत पोचलाच पाहिजे, नाहीतर मासा वर चढणार कसा?

माझा ओढा तुटला भीमेकाठच्या मांडवगणात, नेमका माझ्या थोरल्या चुलत्यांच्या, तात्याबांच्या शेतात. तिथं कागदाच्या घडीवरची शाईच उडालेली. साहेब म्हणाले, जाऊन बघ, ओढा असेल तर जोड, नसेल तर पुसून टाक. पुसला की तो माशांच्या वाटांतून कायमचा गेला. उद्या कुणी ओढ्याच्या तोंडाशी भराव घातला तरी विचारणारं कुणी नाही.

रविवारी गेले. तात्याबा म्हणाले, इथं ओढा कधीच नव्हता. समोर सपाट रान, त्यात हिरवागार ऊस. मलाही ते खरं वाटलं. रेघ पुसायची म्हणून जीव मात्र हळहळला.

जेवताना तात्याबांनी नेहमीचं पुराण लावलं. दर आखाडात ते उसाच्या सरीतून हातानं मरळ मासा धरतात, अख्ख्या गावात असं कुणाला जमत नाही. माझ्या काकू कुशाबाई हे पंचवीस वर्षं ऐकतायत. माझा घास हातातच राहिला.

"तात्या, उसात मरळ येती कुठनं?"

काकूंनी हसू लपवायला पदर तोंडाला लावला.

"नदीतनं," तात्याबा म्हणाले. "पाणी चढलं की जुन्या वाटंनं."

अस्सा राग आला मला! ट्रॅक्टर लावून ओढा यांनीच बुजवला होता. सरकार जमीन काढून घेईल म्हणून खोटं बोललो, म्हणाले. नुसती रेघच काढायची आहे, असं मी चारदा समजावलं, तेव्हा कुठं त्यांनी उसात शिरून ओढ्याचं एकेक वळण दाखवलं.

सोमवारी रेघ भीमेला जोडली. किती बरं वाटलं म्हणून सांगू! पुढच्या खेपेला छापील नकाशा घेऊन गेले. तात्याबांनी तो बराच वेळ न्याहाळला.

"आन् माझा ऊस कुठाय?"

"ओढ्यात," मी म्हणाले.

ऊस तुटल्यावर त्यांनी ओढ्याचा तेवढा पट्टा मोकळाच ठेवला. काकूंनी कारण विचारलं, तर म्हणाले, मासं यायचं थांबलं तर गावात सांगू काय?